सासऱ्याला हरवावं की नाही

आमच्या घरात रविवारी दुपारी मारामारी होते. जेवणं झाली, खरकटं आवरलं की बैठकीत टीव्हीसमोर सतरंजी पडते आणि घरातली शहाणीसुरती माणसं एकमेकांना लाथा घालायला बसतात. लाथा टीव्हीतली माणसं घालतात, पण ओरडणं खरं असतं. डोणगावात नवीन आलेल्या कुणी आमच्या गल्लीतून जाताना ते ऐकलं, तर इथे भावाभावांची वाटणी चालू आहे असंच त्याला वाटेल.

हे खूळ माझ्या दिरानं आणलं. तो पुण्याला नोकरीला होता तेव्हा त्यानं हा खेळाचा डबा घेतला, आणि नोकरी सोडून आमच्या घरच्या कृषी केंद्रात बसायला आला तेव्हा गाद्या-भांड्यांबरोबर तोही घेऊन आला. डब्याला हातात धरायची दोन यंत्रं होती. त्यांना काहीतरी वेगळं नाव आहे, पण मामाजींनी पहिल्याच दिवशी त्यांना रिमोट म्हटलं आणि मग तेच नाव पडलं. मामाजी म्हणजे आमचे सासरे. त्यांनी शेती वाढवली, दुकान उभं केलं, आणि दोन्ही मुलांच्या हाती सोपवून ते मोकळे झाले. मोकळ्या माणसाला काहीतरी लागतंच. त्यांच्या वयाची माणसं देवळाच्या ओट्यावर बसून गुडघ्यांबद्दल बोलत असताना आमचे मामाजी सतरंजीवर मांडी घालून रिमोट मागू लागले.

खेळ अगदी सोपा. पडद्यावर दोन गडी समोरासमोर उभे राहतात. वरच्या बाजूला प्रत्येकाच्या जिवाची पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते, संपली की गडी आडवा. दोनदा आडवं केलं की जिंकलात. मामाजी दरवेळी एकच गडी घ्यायचे, उघडाबंब, मिशावाला, दांडगा. त्याला ते पैलवान म्हणत. खेळण्याची त्यांची रीत अशी, की रिमोटवर जेवढी बटणं आहेत तेवढी एकदम दाबायची आणि सोडायचीच नाहीत. "एखादं तं लागनच," असं ते म्हणत. आणि लागायचंही.

बाकीचेही काही वेगळे नव्हते. मी मेहकर रस्त्यावरच्या शाळेत शिकवते. आठवडाभर पोरांना शिस्त लावून जीव आंबलेला असतो, त्यामुळे रविवारी मला कुणाला तरी बुक्क्या घालायला फार बरं वाटायचं. मला कुठलं बटण कशाचं हे कधी कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही. मी फक्त किंचाळायची. मामाजींनी घरचे कायदे करून ठेवले होते. समोरच्याला कोपऱ्यात गाठून मारायचं नाही. खालून पाय फिरवून सारखं सारखं पाडायचं नाही. या पाय फिरवण्याला आमच्याकडे झाडू म्हणत, आणि कुणी दोनदा झाडू मारला की सगळे मिळून "रडी, रडी" म्हणून त्याच्या अंगावर धावत. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, बाजूला शेंगा फोडत बसायच्या आणि जो हरत असेल त्याची बाजू घ्यायच्या. मला त्या दुपारी मनापासून आवडत. आजही आवडतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणाला वाटायचं की मी त्या खेळाला हलकं समजते.

मग दिराचं लग्न झालं आणि घरात माझी धाकटी जाऊ आली. ती जळगाव जामोदची. माझं माहेर वरवट बकाल, म्हणजे आम्ही दोघी एकाच बसच्या रस्त्यावरच्या, सातपुड्याकडच्या. इकडे मेहकर तालुक्यात आल्यापासून माझ्या बोलीतला हेल ऐकून हसणारी माणसंच मला भेटली होती, त्यामुळे ती पहिल्यांदा त्याच हेलात "ताई, मले चहा चालते" म्हणाली तेव्हाच मला ती आवडली.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मामाजींनी तिला हाक मारली. "ये वं पोरी, बस इथं. शिकवतो तुले." ती पदर सावरून बसली. मामाजींनी तिला बटणं समजावून सांगितली, त्यातली निम्मी चुकीची. ती मान डोलवत राहिली. मग दोघं खेळले आणि ती हरली. अगदी थोडक्यात हरली. "बरी खेळते," मामाजी खुशीत म्हणाले, "पन घाई करते."

त्याच दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आम्ही सगळे रिमोट धरायचो तो खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटरसायकल धरावी तसा, आवळून. तिच्या हातात तो नुसता पडलेला होता. अंगठे टेकल्यासारखे, हलले न हलल्यासारखे. वर्गात ज्याला उत्तर येतं पण हात वर करायचा नसतो, ते पोर असंच बसतं. मी वर्षानुवर्षं अशी पोरं पाहत आले आहे. पण मी काही बोलले नाही. रविवार येत गेले, ती दर रविवारी हरत गेली, दर वेळी थोडक्यात, आणि मामाजी दर रविवारी तिला थोडं थोडं शिकवत गेले.

शनिवारी माझी शाळा सकाळची असते. एका शनिवारी मी दुपारी घरी आले, तर बैठकीत ती एकटी टीव्हीसमोर होती. आवाज बंद केलेला. पडद्यावर तिचा गडी होता, म्हणजे एक किरकोळ अंगाची बाई, आणि समोर एक गडी नुसता खांबासारखा उभा. ती त्याला एकच मार देत होती. एक मार म्हणजे एक बुक्की नव्हे. बुक्की, तिच्यातून लाथ, लाथेतून उडी, उडीतून खाली आपटणं, असं एकात एक गुंफलेलं. ते झालं की पुन्हा पहिल्यापासून. मग उभी राहायची बाजू बदलून तेच, आता सगळं उलट्या हातानं. एकदा मध्येच काहीतरी सुटलं. मला तर काही सुटलेलं दिसलं नाही, पण ती चुकचुकली आणि तिनं पुन्हा सुरू केलं. मी चपला काढायची विसरून दारात उभी राहिले. माझी आई गव्हाच्या शेवया करायची तेव्हा मी असंच पाहत राहायची. हातांना सगळं ठाऊक असतं आणि माणूस कुठेतरी आत निवांत असतो.

तिनं मला पाहिलं आणि ताडकन उठली. "ताई, स्वयपाक झाला हाय," ती म्हणाली, जसा काही मी तोच जाब विचारायला आले होते.

"बस खाली," मी म्हणाले. "पुन्हा कर ते."

त्या दुपारी तिनं मला सगळं सांगितलं. जळगाव जामोदला तिच्या माहेरच्या शेजारी गादीवाल्या चाचांचं घर. चाचांच्या मुलानं असाच डबा आणला होता, तो पुढे कामाला बाहेरगावी गेला आणि डबा घरीच राहिला. चाचांची मुलगी आणि ही, दोघी बालपणच्या मैत्रिणी. दुकानामागच्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून दोघी खेळायच्या. आधी आमच्यासारख्याच, खटाखट बटणं दाबत. मग चाचांच्या मुलीनं झाडू शोधून काढला आणि हिला सारखं पाडायला लागली. "तुमच्याकडं झाडू बंद केला ना ताई," ती म्हणाली, "आम्ही नाही केला. मी घरी जाऊन रडली. मंग विचार केला, की याले काही तं उपाय असन. खाली बसून अडवलं की झाडू लागतच नाही. लागत तं नाहीच, मारनाराच उघडा पडते." मग मैत्रिणीनं त्यावर उपाय काढला, मग हिनं त्या उपायावर. असं करत करत दोघी कुठल्या कुठे गेल्या. मैत्रीण लग्न होऊन बऱ्हाणपूरला गेली. आता रेंज असेल त्या दुपारी दोघी आपापल्या सासरी बसून नेटवरून एकमेकींना बदडतात, आणि ख्यालीखुशाली नंतर विचारतात.

मला जितकी मजा वाटली तितकाच रागही आला. "मंग इथं काऊन हरते?" मी विचारलं.

ती हसली. लग्नानंतर परातीत हळदीचं पाणी करून अंगठी शोधायचा खेळ होतो ना, त्याच्या आधी तिच्या आईनं तिला कानात सांगितलं होतं, की अंगठी हाताला लागली तरी सोडून दे, त्यांना सापडू दे. "अंगठी पहिलीच माह्याच हातात आली होती ताई. सोडली. मंग इथं आली तं मामाजी म्हने शिकवतो. त्याहीले कसं हरवू?"

"पन दर वेळेस इतक्या थोडक्यात कशी हरते?"

"तेच तं अवघड हाय." इथे ती पहिल्यांदा फुशारली. "मामाजी काय करतीन ते मामाजीलेच माहीत नसते. त्याहीच्या माराखाली नेमकं जाऊन उभं राहा लागते. अन् ते दिसलं नाही पाह्यजे."

मला एक शंका आली. "माह्याशी पन मुद्दाम हरते का वं?"

ती थोडी चाचरली. "तुमच्यासंग हरनं लय कठीन जाते ताई," ती म्हणाली.

मी पुष्कळ दिवस हे कुणाला सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांनी अकोल्याला या खेळाची स्पर्धा निघाली. बऱ्हाणपूरच्या मैत्रिणीनं मोबाईलवर कळवलं. मैत्रिणीला स्वतःला येणं जमणार नव्हतं, पण तू जा, म्हणून ती हिच्या मागे लागली. दिराचं काहीच म्हणणं नव्हतं, त्याला आपली बायको काय चीज आहे ते आधीच कळलं होतं. पण आमच्या घरात बाहेरगावी जायचं म्हणजे मामाजींच्या कानावर घालावं लागतं. तिनं चहा देताना विषय काढला.

मामाजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्यांनी फार मायेनं नाही म्हटलं. "पोरी, तू माह्याशी जिंकत नाही, अन् तिथं कोनाशी जिंकशीन? तिथं शहरातले पोट्टे राह्यतीन, तयारीचे. चार लोकांत हसं होईन. माह्या घरची पोर तिथून रडत आलेली मले पाह्यवनार नाही. अजून शिक. मी हाय ना शिकवाले."

तिनं कपबशी उचलली आणि आत आली. स्वयंपाकघरात ती माझ्याकडे पाहून हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

मी भडकले. मला भडकायला फार काही लागत नाही, पण त्या दिवशी कारण होतं. "हरव त्याहीले," मी म्हणाले. "या रविवारी. धुऊन काढ."

"तुमचं बरं हाय ताई. तुम्ही बोलून मोकळ्या होता." ती कणीक मळायला लागली. "मामाजी माह्या बाजूला बसतात, शिकवतात. माह्या बापानं कधी बाजूला बसवलं नाही मले. मी त्याहीले हरवलं तं ते जाईन." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् नाही हरवलं, तं नुसतं अकोलंच जात नाही. सगळी जिनगानी या घरात काढायची हाय, अन् सगळी जिनगानी मले लटकंच खेळा लागन."

मी भाजी चिरत राहिले.

रविवार आला. सतरंजी पडली. मामाजींनी पैलवान घेतला. तिनं नेहमीची किरकोळ बाई घेतली, मांडी नीट घातली आणि पदर खोचला. तो पदर खोचलेला पाहिला आणि मी टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसले.

सुरुवातीला तिनं काहीच केलं नाही. मामाजींनी सगळी बटणं दाबली आणि पैलवान हातपाय झाडत तिच्यावर गेला. तिच्या बाईनं फक्त हात आडवे धरले. बुक्की अडवली, लाथ अडवली, खालचा मार खाली बसून अडवला. पैलवानाचा एक मोठा मार फुकट गेला आणि तो क्षणभर उघडा पडला. तेवढ्यात तिनं ते एकात एक गुंफलेलं चालवलं, शनिवारी पाहिलेलं, आणि पैलवानाची पट्टी अर्ध्यावर आली. मग पुन्हा मागे सरून ती शांत उभी. घाई नाही, झाडू नाही, कोपरा नाही. घरचे सगळे कायदे पाळून तिनं त्यांना आडवं केलं. तिच्या पट्टीला ओरखडा नव्हता. दुसऱ्या डावातही नव्हता. मी ओरडायचं विसरले होते. इतकं देखणं काही आमच्या त्या टीव्हीवर कधी झालं नव्हतं.

"पुन्हा," मामाजी म्हणाले. पुन्हा तेच झालं. "पुन्हा." पुन्हा तेच.

मामाजींनी रिमोट सतरंजीवर ठेवला. शेंगांचा आवाजही थांबला होता. ते टीव्हीकडे पाहतच बोलले, "मंग इतके दिवस तू मले दूधभात खेळवून राह्यली होती?"

दूधभात म्हणजे खेळातलं लहान पोर. रडतं म्हणून घ्यायचं, पळू द्यायचं, पण बाद करायचं नाही. बाकीच्यांना ठाऊक असतं, फक्त त्या पोरालाच ठाऊक नसतं. आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर, आपण दूधभात होतो आणि वर कायदे करत होतो, हे मामाजींना त्या दुपारी कळलं. ते उठले, चपला घातल्या आणि दुकानाकडे निघून गेले. रविवारी आमचं दुकान बंद असतं.

पुढचे काही रविवार टीव्ही लागला नाही. मामाजी जेवून ओट्यावर जाऊन बसायचे. तिच्याशी बोलायचे ते आत्याबाईंमार्फत. अकोल्याची परवानगीही तशीच आली. "जा म्हना तिले. मी कोन नाही म्हननारा." ती म्हणाली, नाहीच जात. मी म्हणाले, तू जाणार आहेस, आणि मी सोबत येणार आहे. जिंकण्याची किंमत घरी मोजून झाली आहे, आता बाहेर काय होतं ते तरी पाहू.

अकोल्याला एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. आत सगळी पोरं. पाठीला पिशव्या, पिशव्यांत आपापले रिमोट, बाळंतिणीनं बाळ जपावं तसे कपड्यात गुंडाळलेले. दारातल्या मुलानं जावेच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून विचारलं, "ताई, मुलाचं नाव काय?" मी तोंड उघडणार होते, पण तिनं माझा हात दाबला आणि शांतपणे स्वतःचं नाव सांगितलं.

पहिल्या लढतीतला मुलगा चांगल्या घरचा असावा. ताईमाणूस समोर पाहून तो सैल खेळायला लागला, मार अडवायच्या ऐवजी अंगावर घ्यायला लागला. तिला ते कळायला किती वेळ लागणार? असं सैल खेळण्यात तिच्याहून तयार माणूस त्या कार्यालयात नव्हता. पहिला डाव जिंकल्यावर ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "दादा, असं करू नका. नीट खेळा." मुलगा ओशाळला. दुसरा डाव तो जीव तोडून खेळला आणि हरला, आणि त्यानं उठून तिला हात जोडले.

पुढचा गडी होता एक चष्मेवाला, मिसरूड न फुटलेला. त्यानं तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. तिनं जे जे काढलं ते त्यानं आधीच ओळखलं होतं. ती पुढे येणार तिथे त्याचा पाय आधीच ठेवलेला. ती लढली. एक डाव तिनं जवळजवळ ओढून आणला होता. पण तो जिंकला, आणि शेवटच्या बुक्कीपर्यंत त्यानं काहीही सोडलं नाही. मी तिला सावरायला पुढे झाले, तर ती त्या पोरालाच विचारत होती, की तू ते मधलं कसं अडवलं? तो चष्मेवाला, ज्याच्या तोंडून तोवर शब्द फुटला नव्हता, खुर्ची ओढून तिला समजावायला बसला. मागून आणखी दोघं-तिघं येऊन वाकले. हरवणारा आणि हरलेला एकाच मारावर डोकं घालून बसलेत, असं मी कुठल्या परीक्षेत, कुठल्या सभेत पाहिलेलं नाही. माझा त्या पोरांवर फार जीव जडला.

पातूर, वाशिमकडचं मालेगाव करत बस डोणगावकडे येत होती आणि ती बोलत होती. हरल्यावर इतकं बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. "आनंद कशाचा होऊन राह्यला वं तुले?" मी शेवटी विचारलं.

"त्यानं मले काहीच फुकट देलं नाही ताई," ती म्हणाली. "एक बुक्कीसुद्धा नाही."

घरी पोचलो तेव्हा मामाजी बैठकीत होते. कितवी आली, हे त्यांनी विचारलं नाही. पुष्कळ दिवसांनी ते सरळ तिच्याशी बोलले. "तिथं कोनी सोडलं का तुले?"

"एकानं सोडाले पाह्यलं. मी नाही म्हटलं."

"काऊन?"

तिनं पिशवी खाली ठेवली. बोलली असती तरी तेच बोलावं लागलं असतं, जे मामाजींना आधीच कळलं होतं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले पन सोडू नको आता."

पुढच्या रविवारी सतरंजी पुन्हा पडली. तिनं त्यांना सोडलं नाही. ते हरले, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी हरले. पण एक बदल झाला. त्यांनी तिला विचारलं, "माह्यं चुकते कुठं?" मी या घरात आल्यापासून मामाजींनी कुणाला असा प्रश्न विचारलेला ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मामाजी, मारूच नका. नुसतं अडवा." बटणांचा खच पाडणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे मुकं राहायला सांगणं. पण त्यांनी ऐकलं. शनिवारी दुपारी मी घरी आले की आता बैठकीत मामाजी असायचे, नाकावर चष्मा, ओठ दुमडलेले, पडद्यावरचा पैलवान हात आडवे धरून उभा. वयामुळे त्यांचं बोट उशिरा पोचायचं. मग ते आधी निघायला शिकले, मार दिसण्याआधी तिच्या बाईचा खांदा पाहायला शिकले. झाडूवरची बंदी त्यांनी स्वतःच उठवली. उपाय ठाऊक नव्हता म्हणून मी कायदा केला होता, असं ते आत्याबाईंना म्हणाले. त्या म्हणाल्या, "घरातले बाकीचे कायदे पन असेच असतीन तुमचे," आणि शेंगा फोडत राहिल्या.

त्या दोघांचं झालं की रिमोट आमच्याकडे येतो. मग मी किंचाळते, दीर झाडू मारतो, कुणीही जिंकतं. जाऊ माझ्याशी कशी खेळते ते मी विचारत नाही. आमचं दोघींचं ठरलं आहे, मी दूधभात, आणि मला ते ठाऊक आहे. ठाऊक असलं की त्यात लागण्यासारखं काही नसतं.

आणि मग एक रविवार असा आला, की मामाजींनी अडवलं, अडवलं, तिचा एक मार फुकट गेला, आणि पैलवानानं तिला उचलून आपटलं. ती उठते तोवर पुन्हा तेच. तिची पट्टी संपली. ती आडवी.

"अबे, काय करून राह्यला बे!" ती ओरडली आणि तिनं सतरंजीवर थाड्कन हात आपटला.

आमच्याकडे 'बे' हा बरोबरीच्या दोस्ताला लावायचा शब्द. पोरं एकमेकांना लावतात, भांडणातही आणि लाडातही. वडीलधाऱ्याला कुणी लावत नाही, आणि सुनेनं सासऱ्याला लावल्याचं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नसावं. दिराचं तोंड उघडं राहिलं. आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला आपण काय बोललो ते कळलं, तिनं जीभ चावली, पदर डोक्यावर ओढला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा सगळा जीव त्या एका शब्दात उघडा पडला होता, आणि आता याचं काय होतं, इकडेच आम्हा सगळ्यांचं लक्ष होतं.

मामाजींनी रिमोट सोडला नव्हता. पडद्यावर दुसरा डाव सुरू झाला होता. "समोर पाह्य," ते म्हणाले, "मी आलो." तिनं घाईघाईनं रिमोट उचलला. तो डाव आणि पुढचा, दोन्ही तिनं जिंकले. मामाजी उठले, पाणी प्यायले आणि बाहेर गेले. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते कुणालाच कळलं नाही. संध्याकाळभर ती माझ्या मागे मागे फिरत विचारत होती, आता काय करू, पाया पडू का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेसाठी स्टँडवर उभी होते. बाजूच्या चहाच्या टपरीवर मामाजी त्यांच्या दोस्तांत बसलेले. मी खांबाआड होते, त्यांना दिसत नव्हते.

"काल आमच्या धाकल्या सुनेनं मले बे म्हटलं," मामाजी सांगत होते.

"अन् तू ऐकून घेतलं?" कुणीतरी विचारलं.

"ऐकून घेतलं काय म्हनता," मामाजी म्हणाले. "कमावलं म्हना."